दाराजवळच्या खुंटीचं प्रकरण

"आई, पुन्हा चुकलं."

"कसं चुकलं? वाच बघू परत."

लेकीनं पुस्तक डोळ्यांसमोर धरलं. पुस्तक सव्वासहाशे पानांचं होतं आणि धरायला दोन्ही हात लागायचे. "दोन कर्मचाऱ्यांमध्ये एका सामायिक वस्तूच्या वापरावरून वाद झाला आहे. मनुष्यबळ अधिकाऱ्याने सर्वप्रथम काय करावे? अ, लेखी तक्रार नोंदवून घ्यावी. ब, दोघांच्या वरिष्ठांना कळवावे. क, समिती नेमावी. ड, वरीलपैकी काहीही नाही."

"ड."

"ड का?"

"अगं, दोघांना बोलवायचं, चहा पाजायचा आणि तसलीच दुसरी वस्तू आणून द्यायची. मिटलं! यातलं वर काही लिहिलंय का? नाही ना? मग ड."

लेकीनं पुस्तक मिटलं आणि कपाळाला हात लावला. "आई, तू बावीस वर्षं जे करत आलीस ना, तेच नेमकं पेपरात लिहायचं नाही. पेपर काढणाऱ्याला तुझा चहा ठाऊक नाही."

बाईंनी पुस्तक स्वतःकडे ओढलं. बाई म्हणजे ब्रशांच्या कारखान्यातल्या एचआरच्या बाई. त्या लागल्या तेव्हा त्या खात्याला टाइम ऑफिस म्हणत, मग पर्सोनेल म्हणू लागले, मग एचआर. पाटी तीनदा बदलली, खुर्ची आणि बाई त्याच राहिल्या. कोणत्या दोघांना एका मशीनवर लावायचं नाही, कुणाची रजा खरी आणि कुणाची सासू दरवर्षी त्याच आठवड्यात आजारी पडते, हे सगळं बाईंना तोंडपाठ होतं. दुर्दैवानं यातलं काहीच अभ्यासक्रमात नव्हतं.

मुख्य कार्यालयानं पत्र धाडलं होतं. प्रत्येक कारखान्याच्या एचआर प्रमुखाकडे व्यावसायिक प्रमाणपत्र हवंच. परीक्षेला तीन संधी. तिन्ही हुकल्या, तर खुर्चीवर मुख्य कार्यालयातून कुणीतरी प्रमाणपत्रवाला येईल आणि बाईंनी फाटकावरच्या खोलीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायचे. पास व्हायला साठ लागत. पहिल्या खेपेला बाईंना अडतीस पडले. मग त्यांनी तीन महिने रोज पहाटे उठून जीव तोडून अभ्यास केला. दुसऱ्या खेपेला छत्तीस पडले.

आता शेवटची खेप, वीस दिवसांवर आली होती.

"मी सांगू का?" लेक म्हणाली. "उद्यापासून ऑफिसात पुस्तकातलं वाग. शब्दाला शब्द. हाताला सवय लागली की डोक्याला लागेल."

"आणि चहा?"

"चहा एकटीनं प्यायचा."

सोमवारी बाई पुस्तक काखोटीला मारून कारखान्यात गेल्या, आणि त्याच सोमवारी खुंटीचं झालं.

ऑफिसच्या दाराजवळ भिंतीत एक लोखंडी खुंटी होती. एकच. तिच्यावर स्टोअरवाले काका अकरा वर्षं आपली छत्री टांगत आले होते, बाराही महिने. टांगलेली छत्री हरवत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्यांची खरंच कधी हरवली नव्हती. आता झालं असं, की वरच्या मजल्यावर रंगकाम निघालं आणि खरेदीच्या मॅडमचं टेबल खाली आलं. मॅडम आल्या, भिंतीकडे पाहिलं, छत्री उतरवून कोपऱ्यात उभी केली आणि खुंटीवर आपली पिशवी टांगली.

काका तडक बाईंकडे आले. "बाई, माझ्या खुंटीवर पिशवी आहे."

बाईंचा हात सवयीनं घंटीकडे गेला. सुताराला हाक मारायची, शेजारी एक खिळा ठोकून घ्यायचा, दोन मिनिटांचं काम. सुतार तर ही बातमी ऐकून हातोडी घेऊन दारात येऊन उभाही राहिला होता. पण हात अर्ध्यावर थांबला. बाईंनी पुस्तक उघडलं.

"तू जा रे," त्या सुताराला म्हणाल्या. "गरज नाही."

सुतार गेला. जाताना दोनदा वळून पाहिलं त्यानं.

"काका, लेखी तक्रार द्या."

"कशाची?"

"खुंटीची."

काकांनी बाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "बाई, बरं आहे ना तुम्हाला?"

"पान दोनशे सात. तीन प्रतींत."

काकांनी तक्रार लिहिली. 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात त्यांनी लिहिलं, खुंटी. 'अपेक्षित निवारण' या रकान्यात लिहिलं, खुंटी. 'यापूर्वी केलेले प्रयत्न' या रकान्यात बराच विचार करून लिहिलं, बघून राहिलो. बाईंनी एक प्रत मॅडमना रीतसर पोचवली. मॅडमनी सायंकाळपर्यंत चार पानी खुलासा दिला. खुंटी कंपनीची आहे, तिच्यावर कुणाचं नाव नाही आणि छत्रीला उभं राहता येतं, पिशवीला येत नाही, असे त्यात तीन मुद्दे होते. तिसरा मुद्दा बाईंना मनातून पटला, पण पान दोनशे आठवर 'अधिकाऱ्याने मत बनवू नये' असं छापलेलं होतं. त्यांनी ते बनलेलं मत परत घेतलं.

मंगळवारी पान दोनशे नऊ आलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत वादग्रस्त वस्तू आहे त्या स्थितीत राखावी. बाईंनी पॅकिंगमधून खाकी चिकटपट्टी मागवली, खुंटीला चारही बाजूंनी गुंडाळली आणि वर कागद लावला, 'चौकशी सुरू आहे. काहीही टांगू नये.' छत्री आणि पिशवी दोन्ही कोपऱ्यात गेल्या. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून वाचू लागला. अकरा वर्षांत त्या खुंटीकडे इतक्या माणसांनी बघितलं नव्हतं.

पान दोनशे दहाप्रमाणे दोन्ही बाजूंना एकेक सहायक निवडायचा अधिकार होता. काकांनी मशीनवरचा मामा निवडला, कारण सगळ्या कारखान्यात त्याचा आवाज मोठा. मॅडमनी डिस्पॅचचा कारकून निवडला, कारण त्याला मामाचा आवाज सहन व्हायचा. मग साक्षीदार. बाईंना वाटलं होतं दोघं-तिघं येतील. चोवीस आले. पुस्तकात म्हटलं होतं, कुणालाही परत पाठवू नये.

"खुंटी तुम्ही प्रथम कधी पाहिलीत?" बाई पेन सरसावून विचारत.

"आत्ता, आत येताना."

"त्याआधी?"

"त्याआधी छत्रीच दिसायची, बाई. खुंटी आत होती."

बाईंनी हेही लिहून घेतलं. एकेक जबाब दोन पानांचा होऊ लागला. कारखान्यात छत्रीवाले आणि पिशवीवाले असे दोन तट पडले. जेवणाच्या सुट्टीत मामा बाकावर उभा राहून ज्येष्ठतेवर बोलायचा आणि पिशवीवाले थाळ्या वाजवायचे. मोठे साहेब एकदा काय गडबड आहे म्हणून विचारायला बाहेर आले. "साहेब, आपण अपील अधिकारी आहात," बाईंनी त्यांना अदबीनं सांगितलं. "पान दोनशे चौदा. निकालाआधी आपण यातलं काही ऐकायचं नाही." साहेबांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणी काही ऐकू नका म्हणून सांगितलं होतं. ते आनंदानं आत गेले आणि दार लावून घेतलं.

राहिलं पान दोनशे बारा. चौकशीच्या काळात दोन्ही पक्षांनी एकमेकांशी थेट संपर्क करू नये. सर्व व्यवहार मनुष्यबळ अधिकाऱ्यामार्फत व्हावा.

आता खरेदीचं टेबल आणि स्टोअरची खिडकी यांच्यात मोजून सहा पावलं होती. एरवी ब्रशांच्या केसांचं नायलॉन कमी झालं, की काका खिडकीतून ओरडायचे, "मॅडम, नायलॉन संपत आलंय!" मॅडम मान वर न करता म्हणायच्या, "मागवते!" झालं काम. आता काका चिठ्ठी लिहायचे, शिपाई ती बाईंकडे न्यायचा, बाई नोंद करून मॅडमच्या टेबलावर पाठवायच्या, मॅडमचं उत्तर त्याच वाटेनं उलटं यायचं. शिपायाच्या दिवसाला चाळीस फेऱ्या होऊ लागल्या. त्यानंही एक तक्रार अर्ज नेला, पण भरायला त्याला वेळ मिळाला नाही.

पण बाईंची सराव परीक्षा सुधारत होती, हे मात्र खरं. पहिल्या आठवड्यात एक्कावन्न. दुसऱ्यात अठ्ठावन्न. लेक प्रश्न वाचायची आणि बाईंच्या डोळ्यांपुढे चिकटपट्टीतली खुंटी उभी राहायची, की उत्तर आलंच. तिसऱ्या बुधवारी चौसष्ट पडले. लेकीनं पुस्तक फेकून आईला मिठीच मारली. "आई, फाटकावर जायचं नाही आता!"

"दोन दिवस रजा घेते," बाई म्हणाल्या. त्यांनाही उभारी आली होती. "गुरुवार, शुक्रवार. एकदा पहिल्यापासून वाचून काढते."

शनिवारी सकाळी बाई कामावर निघायच्या आतच मोठ्या साहेबांचा फोन आला. "बाई, असाल तशा या."

साहेबांच्या टेबलावर एक ब्रश पडलेला होता. म्हणजे दांडा होता, डोकं होतं, डोक्याला ओळीनं भोकं होती.

"हे काय आहे?"

"ब्रश, साहेब."

"केस कुठायत याचे?"

बाई धावत आपल्या टेबलाकडे गेल्या. ट्रेमध्ये बुधवारी संध्याकाळी त्या निघाल्यावर आलेली काकांची चिठ्ठी होती, 'नायलॉन अर्ध्या दिवसाचे उरले आहे. कृपया संबंधित पक्षास कळवावे.' त्याखाली गुरुवारची, 'नायलॉन संपले आहे. कृपया संबंधित पक्षास कळवावे.' आणि शुक्रवारची, 'कृपया.'

त्या तिन्ही चिठ्ठ्या घेऊन परत आल्या. "इथे आहेत, साहेब."

दांडे ओतणारं खातं वेगळं, त्यांचं काम चालू होतं. दांडे पट्ट्यावरून पुढे आले, केस बसवायच्या मशीनमधून मोकळेच निघाले आणि डिस्पॅचच्या कारकुनानं ते बाराबाराच्या खोक्यांत नीट भरले.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"सहा हजार," कारकून म्हणाला.

"सहा हजार टकले ब्रश खोक्यांत भरताना तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना, साहेब. पण मी एका पक्षाचा सहायक. मी बोललो असतो तर दबाव आणला असं झालं असतं."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. "सोमवारी सकाळी मुख्य कार्यालयाचा माणूस माल बघायला येतोय. बाई, उद्या तुमची परीक्षा आहे, मला माहीत आहे. पण त्यानं हे पाहिलं, तर प्रमाणपत्र असो की नसो, तुम्ही फाटकावर. आणि शेजारच्या खुर्चीवर मी."

बाई बाहेर आल्या. वीस दिवसांत पहिल्यांदा त्यांना पुस्तकातलं कुठलंच पान आठवलं नाही. खड्ड्यात गेली चौकशी, त्या स्वतःशी म्हणाल्या, दोघांना समोर बसवते, चहा पाजते आणि नायलॉन मागवते. पण काकांची खिडकी रिकामी होती. मॅडमची खुर्चीही रिकामी होती. कोपऱ्यात छत्री नव्हती आणि पिशवीही नव्हती.

"कुठे गेले रे दोघं?"

शिपाई छताकडे बघू लागला.

"बोल!"

"मागच्या शेडमध्ये असतील. या वेळेला तिथेच असतात."

मागच्या शेडमध्ये दोघं एकटे, म्हणजे हातघाईवर आली असणार! बाई धावल्या. शेडचं दार ढकललं.

दोन पालथ्या खोक्यांवर काका आणि मॅडम समोरासमोर बसून चहा पीत होते. मागे भिंतीला एक खिळा होता. खिळ्यावर आतल्या बाजूला पिशवी, बाहेरच्या बाजूला छत्री.

काका उठले, पुन्हा बसले.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"मंगळवारपासून," मॅडम म्हणाल्या.

"या मंगळवारपासून?"

"त्या मंगळवारपासून, बाई. पहिल्या. खुंटी चांगली वीतभर लांब आहे, आत पिशवी, बाहेर छत्री, दोन्ही मजेत राहतात. मीच म्हटलं काकांना. तेच सांगायला दोघं येत होतो, तर तुम्ही दाराशी चिकटपट्टी घेऊन उभ्या."

"मग सांगितलं का नाही?"

"कुठल्या तोंडानं सांगणार?" काका म्हणाले. "एका हातात पुस्तक, एका हातात पट्टी, आणि चेहरा तुमचा असा फुललेला! दोनदा नापास झाल्यापासून तुम्हाला हसताना पाहिलं नव्हतं कुणी. मुख्य कार्यालयाचं पत्र तुमच्याआधी आम्ही सगळ्यांनी वाचलंय. मग म्हटलं, मिटलंय ते मिटलंय, पण बाईंचा सराव होऊ दे."

"आणि ते चोवीस साक्षीदार?"

"चाळीस येणार होते," मॅडम म्हणाल्या. "मीच अडवलं. म्हटलं, बाई लिहून लिहून दमतील."

"दोन तट? मामाची भाषणं?"

"मामाला काय, बोलायला निमित्त हवं."

बाईंनी शेवटचा प्रश्न जरा हळू विचारला. "आणि नायलॉन?"

दोघांनी माना खाली घातल्या.

"ते मात्र चुकलंच," काका म्हणाले. "मी रोज इथे चहा पिताना मॅडमना सांगायचो हो, नायलॉन संपत आलंय म्हणून."

"मग?"

"मॅडम म्हणायच्या, बाईंच्या मार्फत कळवा."

"पान दोनशे बारा," मॅडम पुटपुटल्या. "तुम्ही पकडलं असतं तर सगळा सराव वाया गेला असता."

बाईंना संताप आला, पण तो टिकला नाही. बावीस वर्षांत त्यांनी या लोकांची किती भांडणं मिटवली होती, मोजदाद नव्हती. आणि या शहाण्यांनी त्यांच्यासाठी एक मिटलेलं भांडण वीस दिवस जिवंत ठेवलं होतं. त्या तिसऱ्या खोक्यावर मटकन बसल्या.

"गाढव आहात सगळे," त्या म्हणाल्या आणि रुमाल शोधू लागल्या. काकांनी आपला कप त्यांच्या हातात दिला. कप अर्धा होता, तरी बाईंनी तो घेतला.

मॅडमनी तिथूनच फोन लावला आणि पुरवठादाराला असा काही दम भरला, की दुपारी दोनला नायलॉनची भेंडोळी दारात आली. मग सगळा कारखाना कामाला लागला. डिस्पॅचनं भरलेले खोके डिस्पॅचनंच उघडले, दांडे परत मशीनकडे, मशीनमधून केस घेऊन पुन्हा खोक्यांत. बाईही खोके उघडायला बसल्या. चार वाजता लेक पुस्तक घेऊन कारखान्यात हजर झाली.

"आई, उद्या परीक्षा आहे आणि तू इथे? शेवटची उजळणी कोण करणार?"

"वाच तू, मी ऐकते," बाई म्हणाल्या.

लेक एका खोक्यावर चढून प्रश्न वाचू लागली. "दोन कर्मचाऱ्यांमध्ये सामायिक वस्तूच्या वापरावरून..."

"अ!" सगळं खातं एकदम ओरडलं. "लेखी तक्रार! तीन प्रतींत!"

लेक बघतच राहिली. केस बसवणाऱ्या मशीनवरून मामानं पुढची दोन उत्तरं प्रश्न संपायच्या आतच दिली, आणि दोन्ही बरोबर होती.

रविवारी बाई परीक्षेला बसल्या. त्रेचाळिसावा प्रश्न वाचून त्यांचा हात थबकला. 'चौकशी सुरू असताना दोन्ही पक्षांनी आपसांत समेट केल्याचे आढळले. अधिकाऱ्याने काय करावे?' पर्यायांत चहा नव्हता. 'लेखी नोंद घेऊन प्रकरण बंद करावे' हे होतं. बाईंनी त्यावर खूण केली आणि त्यांच्या लक्षात आलं, की आपलं प्रकरण अजून बंद व्हायचं आहे. बाहेर आल्यावर निकाल लगेच पडद्यावर दिसला. एक्काहत्तर. बाईंनी आकडा लेकीकडून तीनदा वाचून घेतला आणि मग पहिला फोन काकांना लावला. पलीकडे जो गलका झाला, त्यावरून रविवार असूनही काका घरी एकटे नसावेत.

सोमवारी मुख्य कार्यालयाचा माणूस आला. सहा हजार ब्रशांपैकी त्यानं दहा बघितले, केसांवरून बोट फिरवलं, चहा घेतला आणि गेला. जाताना त्यानं खुंटीवरचा कागद वाचला आणि कारखान्यात शिस्त दिसते असा शेरा दिला.

पंधरा दिवसांनी प्रमाणपत्र आलं. मोठ्या साहेबांनी ते स्वतःच्या खर्चानं काचेत बसवून आणलं. आत येणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यांनी खुंटीची चिकटपट्टी आपल्या हातांनी सोडवली आणि सगळ्यांच्या टाळ्यांमध्ये प्रमाणपत्र खुंटीवर टांगलं. चौकट चांगली हातभर रुंद होती. काकांनी आपल्या छत्रीकडे पाहिलं. मॅडमनी आपल्या पिशवीकडे पाहिलं. टाळ्या मात्र दोघांनीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या ट्रेमध्ये अर्ज होता, तीन प्रतींत. अर्जदार दोन. तक्रारीचे स्वरूप, खुंटी. अपेक्षित निवारण, खुंटी. तक्रार कोणाविरुद्ध, एचआर. सोबत चाळीस साक्षीदारांची यादी जोडलेली होती आणि पहिलंच नाव मोठ्या साहेबांचं होतं.

बाईंनी पुस्तक काढलं. तक्रार खुद्द मनुष्यबळ अधिकाऱ्याविरुद्ध असल्यास काय करावे, हे पान दोनशे सोळावर होतं. त्यांनी ते पूर्ण वाचलं. मग पुस्तक मिटून कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवलं, कुलूप लावलं आणि घंटी वाजवली.

"तीन चहा सांग," त्या शिपायाला म्हणाल्या. "आणि सुताराला म्हणावं, एक खिळा घेऊन ये."

सुतार दारातच उभा होता. त्यानं वरच्या खिशातून खिळा काढला.

"महिना झाला खिशात घेऊन फिरतोय, बाई," तो म्हणाला. "कुठे ठोकू?"